सीआर-१ निष्प्रभ ठरलं ती तुकडी

शुगर पाइन या उत्तर अमेरिकी वृक्षात सीआर-१ या प्रतिकारक जनुकाची एक प्रत असेल, तर त्याच्या बियांपासून वाढलेली साधारण निम्मी रोपं तांबेऱ्याला, म्हणजे त्या बुरशीजन्य रोगाला, सूचिपर्णातच थोपवतात. जनुक प्रभावी असल्यामुळे एक प्रत पुरते. चाचणीसाठी मुद्दाम लागण केलेल्या रोपांच्या त्या तुकडीत मात्र अशा झाडांच्या एकाही रोपाने तांबेरा थोपवला नव्हता.

पहिला संशय लेबलांवर. पण लेबलं चुकली असती तर एखाददुसरी ओळ बिघडली असती. शिवाय त्याच बियांची दुसरी तुकडी, वेगळ्या ठिकाणच्या रोगट रायबीस-पानांनी लागण केलेली, निम्म्याच्या आसपास टिकली होती. म्हणजे फरक बीजाणूंमध्ये होता.

या तांबेऱ्याला दोन यजमान लागतात, पाइन आणि रायबीसची झुडपं. रायबीसच्या पानांखाली केसांसारखे तपकिरी धागे येतात. ती पानं धाग्यांची बाजू खाली करून रोपांवर ताणलेल्या जाळीवर पसरायची. खोलीचं तापमान १७ अंशांच्या आसपास, आर्द्रता १०० टक्के. सुटणारे बीजाणू इतके नाजूक की हवा जरा सुकली तरी मरतात. रोपांमध्ये काचपट्ट्या ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजत राहायचं. चौरस सेंटिमीटरला ३००० च्या आसपास पडले की पानं उचलायची, आणि रोपं आणखी दोन दिवस २० अंशांना धुक्यातच ठेवायची, म्हणजे बीजाणू रुजून पर्णरंध्रांतून आत शिरतात. इथे घाई झाली तर लागणच न झालेली रोपं प्रतिकारक्षम म्हणून नोंदली जातात आणि पुढची सगळी वर्षं वाया जातात.

ठिपके दिसायला काही महिने लागतात. सीआर-१ असेल तर बुरशीभोवतीच्या पेशी स्वतःच मरतात. बुरशीला जिवंत पेशी हव्यात, म्हणून ती तिथेच संपते. नसेल तर ती पानातून सालीत उतरते आणि खोडाला व्रण पडतो.

बिघडलेल्या तुकडीची पानं सीआर-१ च्या जुन्या लागवडीजवळून आली होती. सीआर-१ ला न जुमानणारा तांबेरा उत्तर कॅलिफोर्नियात हॅपी कॅम्पला पूर्वीच सापडलेला आहे, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. वरून आदेश आला: तुकडी दूषित, फेकून द्या.

हा निर्णय मला अजून पटत नाही. सीआर-१ बुरशीला पानातच मारतं, त्यामुळे त्या रोपाची साल तांबेऱ्याशी कशी झुंजते हे नेहमीच्या चाचणीत कधी दिसतच नाही. ते दिसतं फक्त सीआर-१ निष्प्रभ ठरतं तेव्हा, म्हणजे नेमकं अशाच तुकडीत. पण पानांवरचे ठिपके एका फेरीत मोजून होतात, सालीचा निकाल लागायला पाचेक वर्षं जातात, आणि अहवाल दरवर्षी हवा असतो.

थोड्या ओळी हट्टाने राखल्या. बहुतेक रोपं मेली. मोजक्या रोपांचे व्रण कोरडे पडले, कडेने नवी साल आली. पानांवर ठिपके होते, म्हणजे ती लागणीतून सुटलेली नव्हती. हे आनुवंशिक आहे का, ते त्यांच्या संततीवरूनच कळेल: आधी कलमं, मग शंकू, मग आपसांत संकर, आणि चाचणी त्याच न जुमानणाऱ्या बीजाणूंनी. साध्या बीजाणूंनी केली तर सीआर-१ पुन्हा सगळं झाकून टाकेल.

कलमांसाठी जागा मागितली की पहिला प्रश्न येतो, यांच्यात सीआर-१ आहे का? काहींत असणारच, पण ती त्याच्यामुळे जगलेली नाहीत.