मॅगझिनचा फोटो आणि काळी प्लेट, माझा अनुभव

पानभर पोर्ट्रेट होतं, माणसाच्या अंगात काळा कोट आणि मागे साधी राखाडी भिंत. स्क्रीनवर एकदम छान दिसत होतं, पण छापून आलं तर कोटाची शाई समोरच्या पानाला लागलेली आणि भिंत काही प्रतींत गुलाबीसर, काहींत हिरवट. फार वाईट वाटलं, त्या फोटोवर खूप मेहनत घेतली होती.

फोटोशॉपच्या इन्फो पॅनलमध्ये टोटल इंक (एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज) लावून कोटावर कर्सर नेला तर 342 टक्के! प्रेसची मर्यादा 300. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला, पूर्ण काळा डीफॉल्ट स्वॉप प्रोफाइलमधून (स्क्रीनचे रंग छपाईच्या शायांत बदलणाऱ्या सेटिंगमधून) गेला की सायन (निळसर) 75, मजेंटा (गुलाबीसर) 68, पिवळी 67, काळी 90 होतो, बेरीज बरोबर 300, म्हणजे तिथवर ठीकच होतं, पण मी नंतर सीएमवायकेमध्येच, म्हणजे या चार शायांच्या फाइलमध्येच, कर्व्हज ओढून कोट अजून गडद केला आणि तिथेच घोळ झाला. एवढी शाई वाळणार कशी.

भिंतीचं कारण वेगळं. तिचा राखाडी सगळा सायन, मजेंटा आणि पिवळ्यातूनच बनलेला, काळी जवळजवळ नाहीच, मग मशीनवर मजेंटा जरा वाढली की भिंत गुलाबी. अशा जागी जीसीआर जास्त हवा, म्हणजे तिन्ही रंगांतला राखाडी भाग कमी करून तिथे काळी शाई.

म्हणून मूळ आरजीबी फाइल घेऊन सगळ्या फोटोलाच हेवी जीसीआर लावला. भिंत सुधारली, पण प्रूफमध्ये (छपाईआधीच्या नमुना प्रिंटमध्ये) गालाखालच्या सावलीत काळे ठिपके उठून दिसायला लागले, चेहरा मळल्यासारखा.

शेवटी प्रेसकडून त्याच कागदाची दोन प्रोफाइल मागून घेतली, एक कमी काळीचं एक जास्त काळीचं, दोन कॉपी कन्व्हर्ट करून एकमेकींवर ठेवल्या आणि मास्क करून (नको तो भाग झाकून) चेहरा पहिलीतला, भिंत दुसरीतली घेतली. पेस्ट करताना रंग कन्व्हर्ट करू का असं विचारतं तिथे नाहीच म्हणायचं हं, नाहीतर आकडे बदलतात आणि सगळं सेपरेशन (रंगांची चार शायांत वाटणी) परत होतं. दोन्हीकडे रंग जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे जोड कळत नाही.

आता फाइल पाठवायच्या आधी नुसता काळा चॅनल (फक्त काळ्या शाईचा भाग, म्हणजेच काळी प्लेट) उघडून बघते. चेहऱ्यावर फक्त पापण्या, नाकपुड्या, केसांच्या कडा दिसल्या पाहिजेत, आणि भिंत मात्र पूर्ण.