तुम्ही विचारलंत म्हणून : जिंकलेल्या पोरीच्या मागे मी का फिरते?

"मॅडम, पोरगी जिंकून आली की तुम्ही तिच्या मागं मागं पार बाथरूमपर्यंत जाता. विश्वास नाही का तिच्यावर?" लातूरला आमच्या शाळेतल्या पालकांनी विचारलं, सासूबाईंनीही विचारलं. म्हणून सांगते.

मी खेळाची शिक्षिका. स्पर्धांना शॅपेरोन, म्हणजे डोप टेस्टच्या खेळाडूची सोबतीण, म्हणून जाते. तपासणीसाठी निवड झालेल्या खेळाडूला गाठायचं, ओळखपत्र दाखवायचं, डोप टेस्ट (बंदी असलेलं औषध घेतलंय का, हे बघायची लघवीची तपासणी) आहे असं सांगून फॉर्मवर सही घ्यायची. तिथून तपासणीच्या खोलीपर्यंत ती नजरेआड होता कामा नये. पदक घेऊ दे, अंग सैल करू दे, पुढची शर्यत पळू दे. मी सोबत असते.

खेड्यातली पोरं घाबरतात. एसटी चुकेल म्हणून निघून जायला बघतात. पण सांगितल्यावर टेस्ट चुकवली तर तोही गुन्हाच, चार वर्षांपर्यंत बंदी येते. हे त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं, याचा मला फार त्रास होतो.

एकदा धावपटू अविनाश साबळेच्या आष्टी तालुक्यातली एक पोर होती, १७ वर्षांची. भर उन्हात पाच हजार मीटर पळून आलेली. लघवी होईना, आणि लागते किमान ९० मिलिलिटर. वडिलांनी घरची बाटली पुढे केली. "बाई, निस्तं लिंबूपाणी हाय." माणूस खरा होता. तरी मी पोरीला म्हणाले, "बाळा, तिथल्या सीलबंद बाटल्यांतली एक तूच उचल, तूच फोड." मी फोडूनसुद्धा देत नाही. उद्या नमुन्यात काही निघालं तर तिला कुणावर संशय घ्यायची पाळी येऊ नये. आणि घटाघटा पिऊ नको, असंही सांगितलं. लघवी फार पातळ झाली तर पुन्हा द्यावी लागते.

दोन तास बसलो. १८ च्या आतली, म्हणून तिच्या कोच ताईही होत्या. नमुना देताना समोर बाईच असते, तरी पोर लाजेनं रडवेली झाली. शेवटी झालं एकदाचं. किट तिनंच निवडलं, एकाच नमुन्याच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या तिनंच भरल्या आणि टकटक आवाज थांबेपर्यंत झाकणं तिनंच पिळली.

"मॅडम, आता मधे कुणी उघडलं तर?"

"झाकण फोडावं लागेल. लगेच कळेल."

तेव्हा कुठे ती हसली. फॉर्मची एक प्रत खेळाडूला मिळते. तिनं ती चार घड्या घालून पदकाच्या डबीत ठेवली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, आता द्या ते लिंबूपाणी."