'डेटा इम्पोर्ट – १ दिवस'

माझ्या कोटेशनच्या साच्यात एक ओळ वर्षानुवर्षं होती : 'जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणणे – १ दिवस'. नवा क्लायंट आला की नाव आणि तारीख बदलायची, ही ओळ मात्र जागची हलायची नाही.

एका सभासद नोंदणीच्या कामात ती अंगाशी आली. क्लायंट म्हणाला होता, "सगळं एक्सेलमध्येच आहे हो, नुसतं उचलून टाकायचंय." मीही मान डोलावली. फिक्स्ड प्राइसवर सही झाली आणि मग फाइल आली. फोनच्या रकान्यात दोन-दोन नंबर, मध्ये तिरपी रेघ. सभासद क्रमांकापुढची शून्यं एक्सेलने गिळलेली. इथवर ठीक, याची सवय असते. छळलं ते तारखांनी. क्लायंटच्या माणसाने कागदी फॉर्मशी ताडून पाहिलं तर काही जणांची सभासद झाल्याची तारीख चुकत होती आणि तीही बरोबर ४ वर्षं १ दिवसाने मागे. सगळ्यांची नाही, मधल्याच काहींची.

दीड दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो. मग उलगडलं. एक्सेल तारीख म्हणून दिवसांचा आकडा साठवतं, आणि तो मोजायच्या पद्धती दोन आहेत : एक १९०० पासूनची, दुसरी जुन्या मॅकवरची, १९०४ पासूनची. दोन्हींत १,४६२ दिवसांचा फरक. कधीकाळी कुणीतरी मॅकवरच्या फाइलमधल्या ओळी उचलून इथे चिकटवल्या होत्या. कोणत्या, ते सांगणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. मग फॉर्मचे गठ्ठे काढून एकेक ओळ तपासणं आलं.

एकूण ९ दिवस गेले. त्यातले ८ माझ्या खिशातून. भांडायला जागाच नव्हती, 'डेटा कसाही असो, १ दिवस' असंच मी लिहून दिलं होतं की.

त्यानंतर काही दिवस मी पर्टच्या, म्हणजे कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज काढायच्या तीन आकड्यांच्या सूत्राच्या नादी लागलो. सगळं सुरळीत झालं तर १ दिवस, बहुधा ३, वाट लागली तर ११. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं. उत्तर ४. दिसायला फार गोड. पण क्लायंट ते ४ तेवढे लक्षात ठेवतो आणि ११ माझ्याकडेच राहतात. शिवाय फाइल न पाहता काढलेले हे तिन्ही आकडे माझ्या मनचेच. सॉफ्टवेअरच्या कामांच्या अंदाजांचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहमने १९८१ मध्येच मांडून ठेवलंय की कामाच्या अगदी सुरुवातीचा अंदाज चौपट वर किंवा चौपट खाली जाऊ शकतो. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोळापट! असा आकडा सही करून द्यायला मी कसा काय धजावत होतो, देव जाणे.

आता ती ओळ काढून टाकलीय. आधी दोन दिवसांची पाहणी, तिचे पैसे वेगळे. फाइल उघडायची, प्रत्येक रकान्यातल्या विचित्र नोंदींची यादी करायची, ती क्लायंटसमोर ठेवायची आणि मगच इम्पोर्टचा आकडा. पुढे काही नवीन निघालं तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे वाढीव कामाचा वेगळा हिशेब, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं. काही जण इथेच गळतात. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारतात. विचारू देत. पाहणीच्या पैशांवरून घासाघीस करणारा क्लायंट पुढे प्रत्येक बटणावरून घासाघीस करतो, हा माझा अनुभव. आकसही असेल थोडा.

गेल्या आठवड्यात एकीने फोनवर छातीठोक सांगितलं, "आमचा डेटा एकदम क्लीन आहे, पाहणीची गरजच नाही." म्हटलं, बरं, फाइल तर पाठवा. फाइलऐवजी स्क्रीनशॉट आला. तिसऱ्या रकान्याचं शीर्षक होतं : 'तारीख, अंदाजे'.