तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन सगळं करतंय, मग पोरांना कानस कशाला?

दरवर्षी नवी बॅच सुरू झाली की आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात कुणी ना कुणी पालक येऊन उभे राहतात. आत पोरं व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळून कानस मारत असतात. कपाळावर घाम, तळहाताला फोड. पालक थोडा वेळ बघतात आणि विचारतात, "सर, आता सगळं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन करतंय की. मग आमच्या पोराला तीन-तीन आठवडे घासायला कशाला लावता?" यंदा एका ताईंनी तर सरळच विचारलं, "ह्यात शिक्षण कुठं आहे सर? ही तर हमाली झाली."

हा प्रश्न काळजीपोटी येतो, हे मला कळतं. पोराच्या आयुष्याची दोन वर्षं ते आमच्या हवाली करतात. दारात उभ्याउभ्या उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक सरफेस प्लेट आहे. बिडाची, जाडजूड, वर लाकडी झाकण. तिच्यावर कुणी नुसता स्पॅनर ठेवला तरी मी खवळतो, आणि पोरांना सुरुवातीला त्याचं नवल वाटतं. घासलेला तुकडा सपाट झाला की नाही, हे त्या प्लेटवर बघायचं. प्लेटला निळा रंग अगदी पातळ पुसायचा, तुकडा अलगद फिरवायचा आणि उलटा करून बघायचा. जिथं उंचवटा तिथं निळा डाग, जिथं खळगा तिथं कोरडं लोखंड. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या तुकड्यांच्या मधोमधच डाग येतो, कारण कानस मारताना हात झोका खातो आणि कडा आधी झिजतात.

पोरांना हे जमायला लागलं की मी विचारतो: तुमचा तुकडा ह्या प्लेटवर तपासला. ही प्लेट कशावर तपासली? कुणीतरी म्हणतं, दुसऱ्या प्लेटवर. आणि ती? असं मागं मागं जात एक पहिली सपाट वस्तू येणारच. ती कुठल्या मशीननं केली? मशीनचा कॅरेज, म्हणजे हत्यार धरून सरकणारा भाग, सरळ चालतो, कारण त्याच्या खालचा बेड सपाट असतो. मग तो बेड सपाट करायला आधी सपाट काय होतं? इथं वर्ग गप्प होतो. ही शांतता मला फार आवडते.

उत्तर दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात सपाटी तपासायला तीन प्लेटा वापरत. त्यांच्याकडं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 साली ग्लासगोला शास्त्रज्ञांच्या सभेत ही रीत नीट मांडली. तीनच का? दोन प्लेटा एकमेकींवर घासत बसलात तर त्या एकमेकींशी तंतोतंत जुळतील, तरीही सपाट नसतील. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट, तरी जुळणी झालीच. आता तिसरी घ्या आणि तीही पहिल्या फुगीर प्लेटशी जुळवा. तिसरीसुद्धा खोलगट होईल. मग दुसरी आणि तिसरी समोरासमोर आणा. दोन्ही खोलगट, कडांना टेकतात आणि मध्ये फट राहते. चोरी पकडली जाते. तिन्ही प्लेटा आळीपाळीनं, वळवून वळवून, एकमेकींशी जुळल्या तरच तिन्ही सपाट.

बघा, ह्यात भारी यंत्र एकही नाही. हातात स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं हत्यार, थोडा रंग आणि डोक्यात एक तर्क. एवढ्या जोरावर माणसानं स्वतःच्या हातापेक्षा सरळ वस्तू बनवली. त्या सपाटीवरून लेथचे, म्हणजे नग फिरवून कातायच्या मशीनचे, बेड झाले, बेडवरून आणखी अचूक लेथ. आजही फार अचूक मशीनच्या बैठका शेवटचा हात म्हणून माणसाकडून स्क्रेप करून घेतात. त्या ताईंना मला हेच सांगायचं होतं. पोर तीन आठवडे घासतं तेव्हा त्याच्या हाताला पहिल्यांदा कळतं की 'सपाट' हा शब्द म्हणायला सोपा आहे, पण ती गोष्ट कमवावी लागते.

आता दुसरी गोष्ट, माझ्या स्वतःच्या नोकरीतली. आयटीआयला येण्याआधी मी एका कारखान्यात सुपरवायझर होतो. मे महिना, रात्रपाळी. सीएनसी लेथवर शाफ्ट चालले होते, बेअरिंग बसतं त्या जागेचा व्यास 100 मिलिमीटर, सूट, म्हणजे मापात चालणारा फरक, 0 ते उणे 22 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑपरेटर पोरगा हुशार आणि प्रामाणिक. प्रत्येक नग मशीनवरून उतरला की लगेच मायक्रोमीटर लावायचा, रजिस्टरला लिहायचा: 99.995, 99.994, 99.995. रजिस्टर बघून मीच सही केली. सकाळी एसी लावलेल्या इन्स्पेक्शन रूममधून निरोप आला, सगळे नग कमी मापाचे. 32 शाफ्ट रिजेक्ट.

आम्ही मायक्रोमीटर तपासला, प्रोग्रॅम तपासला, ऑफसेट तपासला. सगळं बरोबर. तेवढ्यात आमचे एक जुने मेस्त्री आले, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी काही वाचलं नाही, काही विचारलं नाही. मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या शाफ्टवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "अरं, हे ऊन हाय की. गार झाल्याबिगर मोजतोस कशाला?"

नग गार ठेवणाऱ्या कूलंटचा पंप रात्रभर धड चालत नव्हता. नग गरम, मायक्रोमीटर गार. पोलाद एक अंश तापलं की मीटरमागं साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. 100 मिलिमीटरच्या नगाला वीस अंशांचा फरक पडला तर वाढ 23 मायक्रॉन. म्हणजे आमची सगळी सूट उष्णतेनंच खाल्ली होती. मशीननं सांगितलं तेवढंच काम केलं होतं. नग ऊन आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मेस्त्रींच्या तळहाताला जे कळलं ते खरं ज्ञान होतं. पण त्यांना आकडा येत नव्हता, आणि ते निवृत्त झाले तेव्हा तो तळहातही गेला. मला आकडा माहीत होता, परीक्षेत लिहिलाही होता, पण नगाला हात लावायचं सुचलं नाही. ही दोन ज्ञानं एका माणसात यावीत, ह्यासाठीच मी शिकवायला आलो. आज काही मशीनमध्ये तापमानाचे सेन्सर असतात आणि मशीन स्वतःच माप सावरून घेतं. ते कसं आलं? कुणीतरी तळहाताला लागलेली ऊब मोजली, तिचा आकडा काढला, सूत्र मांडलं आणि ते मशीनच्या पोटात घातलं. पुढच्या मशीनच्या पोटात काय घालायचं, हे ठरवणारी पोरं कुठून यायची? ती अशाच वर्कशॉपांतून यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

ही शाफ्टची गोष्ट मी दर बॅचला सांगतो. यंदा ती ऐकून एका मुलीनं विचारलं, "सर, मग पहिला मायक्रोमीटर कशानं मोजला?" असा प्रश्न आला की माझा सगळा दिवस चांगला जातो.

मायक्रोमीटर ज्या ठोकळ्यांवर तपासतात, ते करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांच्याबद्दल मी तिला सांगितलं. स्वीडनमधल्या बंदुकीच्या कारखान्यातला हा माणूस. 1896 च्या सुमारास त्यांच्या डोक्यात आलं की प्रत्येक मापाला वेगळा गेज करण्यापेक्षा पोलादाच्या ठोकळ्यांचा एकच संच करावा आणि ते एकावर एक जोडून हवं ते माप मिळवावं. 102 ठोकळ्यांतून जवळजवळ वीस हजार मापं निघत. सुरुवातीला ठोकळे घासायला त्यांनी घरातलं, बायकोचं शिवणयंत्र बदलून घेतलं होतं. आमच्याकडं असा एक संच आहे, लाकडी पेटीत. दोन ठोकळे स्वच्छ पुसून, एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटतात. चुंबक नाही, गोंद नाही. मुलीनं वरचा उचलला तर खालचा लोंबकळत वर आला आणि अख्खी बॅच गोळा झाली.

ह्या योहान्सननी आणखी एक काम केलं. तेव्हा ब्रिटनचा इंच 25.4 मिलिमीटरपेक्षा किंचित कमी होता आणि अमेरिकेचा किंचित जास्त. त्यांनी आपल्या ठोकळ्यांसाठी सरळ 25.4 धरला, तोही 20 अंश तापमानाला. ठोकळे इतके चांगले होते की कारखाने त्याच मापानं चालू लागले, आणि 1959 साली इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर हे अधिकृतपणे मान्य केलं. आमच्या रिजेक्ट झालेल्या शाफ्टांना हवं होतं ते 20 अंश हेच.

आमच्या जुन्या लेथच्या गिअरांच्या पेटीत एक गिअर सगळ्यात मोठा आहे, 127 दात्यांचा. बाकीचे 30, 40, 45 असे शहाण्या आकड्यांचे आणि हा एकटाच विचित्र. त्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, इंचाचा आहे, इंचाला चार आटे. त्यावर दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे एकमेकांपासून तेवढ्या अंतरावरचे आटे पाडायचे तर नग फिरवणाऱ्या स्पिंडलकडं 30 चा गिअर आणि लीडस्क्रूकडं 127 चा. का? 25.4 ला 5 नं गुणा. 127 येतात, आणि ती मूळ संख्या आहे, तिला भाग जात नाही. म्हणून लहान गिअरांनी भागवता येत नाही. बरेच टर्नर आयुष्यभर हा गिअर चढवतात आणि उतरवतात, कारण तक्त्यात तसं लिहिलेलं असतं. तक्ता हरवला की त्यांचं काम अडतं. ज्याला 127 कळला, तो तक्ता स्वतः लिहितो.

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना बघून हुबेहूब नग करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण एक गोष्ट मी तिथंच पाहिली आहे. झिजलेला नग नमुना म्हणून आला, तर नव्या नगात ती झीजही तंतोतंत उतरते. मूळ माप काय असेल आणि ही कड कशानं खाल्ली, हे विचारणारा माणूस लागतो. तो असला की नवा नग जुन्यापेक्षा चांगला होतो.

सीएनसी आम्ही शिकवतोच, आणि मन लावून शिकवतो. आमची पोरं प्रोग्रॅम लिहितात, सिम्युलेशन बघतात. फक्त ती मशीनसमोर उभी राहण्याआधी मला त्यांच्या हातात सपाटी, ऊब आणि आटा ह्या तीन गोष्टी हव्या असतात.

ताई, तुमचा मुलगा आता चौथ्या आठवड्यात आहे. त्याच्या तुकड्यावर परवा पहिल्यांदा चारही कोपऱ्यांना निळा रंग लागला. त्यानं तो तुकडा मला दाखवला, मग शेजारच्या पोराला दाखवला, मग पुन्हा स्वतःच उजेडात धरून बघितला. शनिवारी सवड काढून या. तुकडा त्यानं कपाटात जपून ठेवला आहे.