शरणपूरच्या नोंदवहीत ‘प्राइस’ दिसला की जरा थांबा

नाशिकच्या जुन्या अँग्लिकन पाद्र्यांची वंशावळ काढणारे हमखास अडतात ते आडनावापाशी. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी चर्च मिशनरी सोसायटीतर्फे १८५० च्या दशकात नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणून शिकवली गेली, आणि काहींना मिशनऱ्यांचीच आडनावं मिळाली. १८६६ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्या नाशिकच्या पोरांत सायमन प्राइस, नेथन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग अशी नावं आहेत. यांतला एकही पाद्र्याच्या पोटचा नाही.

म्हणून बाप्तिस्म्याची ओळ आडवी, शेवटपर्यंत वाचायची. जन्मतारीख, आई-बापांची नावं, बापाचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण आणि विधी करणाऱ्याची सही. बापाच्या रकान्यात मिशनरी किंवा क्लार्क इन होली ऑर्डर्स असेल तर घरचं मूल. (इथला क्लार्क म्हणजे पाद्रीच, कारकून नव्हे!) आई-बाप कोरे आणि वय मोठं असेल तर नातं जोडू नका. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून उतरवून घेणं ही तर नेहमीची चूक.

मुंबई इलाख्यातल्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. ‘एन/१’ बंगालची, ‘एन/२’ मद्रासची. शोधताना नाशिकचं स्पेलिंग दोन ‘एस’ आणि शेवटी ‘सीके’ लावूनही पाहा. नकलेत अक्षर चुकू शकतं, त्यामुळे चर्चमधली मूळ वही मिळत असेल तर तीच खरी धरावी. नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत १९२९ चा. त्याआधी नाशिक मुंबईच्या बिशपांकडे होतं, म्हणून पाद्र्याच्या नेमणुकीचे कागद तिकडच्या दप्तरात शोधायचे.

पाद्र्याचं वय काढताना दीक्षेचं वर्ष कामी येतं, पण अर्धवट. डीकनसाठी (पाद्रीपणाची पहिली पायरी) साधारणपणे किमान २३ आणि प्रीस्टसाठी (पूर्ण पाद्री) २४ वर्षं लागत. यावरून तो अमुक सालाच्या आधी जन्मला एवढंच कळतं, किती आधी ते नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या याद्यांत नाव सापडलं नाही तरी दचकू नका. सोसायटीचे कितीतरी लोक पदवीधर नव्हतेच. ते तिच्या लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या कॉलेजात तयार झाले.

आयझेनबर्ग या मिशनरी बाप-लेकांचं प्रकरण जास्त किचकट. थोरले कार्ल विल्हेल्म, जन्म १८०६, बार्मेनचे. आधी अ‍ॅबिसिनिया, मग मुंबई, शेवटी शरणपूर; १८६४ मध्ये वारले. मुलगाही मिशनरी, नावाची आद्याक्षरंही तीच, फक्त एक ‘एच’ जास्त. १८६४ नंतरच्या नोंदीखाली आयझेनबर्ग अशी सही असेल तर ती थोरल्यांची असूच शकत नाही.

आणि एखादं आफ्रिकन कुटुंब १८७५ च्या सुमारास नाशिकच्या वह्यांतून एकदम गायब झालं, तर लगेच मृत्यूच्या नोंदी चाळू नका. प्राइस १८७४ मध्ये मोंबासाला गेले, पुढच्या वर्षी तिथे सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन ही वस्ती उभी राहिली, आणि इथली बरीच माणसं तिकडे गेली. लग्न नाशिकला, मुलांचे बाप्तिस्मे फ्रीअर टाउनला किंवा मोंबासाजवळच्या रबाईला, असं होऊ शकतं. या नाशिककडच्या आफ्रिकनांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८८५ मध्ये तिकडेच डीकन झाले, त्यामुळे विधी करणाऱ्याच्या सहीतही नाशिकचं माणूस सापडू शकतं.