रुफिनोचं नाव कोण वाचणार?

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याची तारीख जवळ आली की मी सगळ्यात आधी एक घडी घातलेला कागद शोधते. त्यावर चार नावं आहेत. पात्रिया मिराबाल, मिनर्वा मिराबाल, मारिया तेरेसा मिराबाल आणि रुफिनो दे ला क्रूस. कागद इतक्या वेळा उघडला-मिटला गेलाय की घडीवरची दोन-तीन अक्षरं पुसट झालीत. नवीन छापून आणू या, असं तरुण मुली दरवर्षी सुचवतात. पण मला तोच कागद हवा असतो.

आमचं मंडळ हिंसा सोसणाऱ्या बायकांसोबत काम करतं. हेल्पलाइन, समुपदेशन, कोर्टात सोबत बसणं, रात्री-बेरात्री एखादीला सुरक्षित जागी पोहोचवणं, शाळा-कॉलेजांतल्या मुलामुलींशी बोलणं, आणि कायदे-धोरणं बदलावीत म्हणून निवेदनं देत राहणं. वर्षभर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात राबत असतो. फोनवर बसणारीला कोर्टात जाणारीचा चेहरासुद्धा कधी कधी माहीत नसतो. सगळे एका छताखाली येतात ते वर्षातून एकदाच, २५ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी.

मेळाव्यात नेहमीचं सगळं असतं: स्वागत, प्रास्ताविक, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांचं भाषण. यातला अहवाल इतकी वर्षं मीच लिहीत आले, तरी त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. किती फोन आले, किती जणींना निवारा मिळाला, किती अर्ज कोर्टात गेले, हे आकडे वाचून व्हायलाच हवेत. ते वाचून होतात, टाळ्या पडतात. मग सभागृहातले दिवे थोडे मंद करतात आणि नावं वाचायची वेळ येते.

नव्याने आलेल्यांना दरवेळी हीच तारीख का, हे सांगावं लागतं, आणि ते सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्रुहियो नावाच्या हुकूमशहाची सत्ता होती. मिराबाल बहिणी त्याच्याविरुद्धच्या चळवळीत होत्या. भूमिगत कामात त्यांना ‘फुलपाखरं’ म्हणत. मिनर्वा कायदा शिकली, पदवी मिळवली, पण वकिलीची सनद तिला मिळू दिली नाही. २५ नोव्हेंबर १९६० रोजी मिनर्वा आणि मारिया तेरेसा आपल्या तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून पोर्तो प्लाताहून परत निघाल्या होत्या. सोबतीला पात्रिया होती. वाटेत गाडी अडवली, त्यांना मारून टाकलं, आणि अपघात वाटावा म्हणून गाडी कड्यावरून खाली ढकलून दिली. लोकांनी त्या अपघातावर विश्वास ठेवला नाही. सहा महिन्यांनी त्रुहियोही मारला गेला. चौथी बहीण देदे त्या दिवशी गाडीत नव्हती. तिने बहिणींची मुलं वाढवली आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत त्यांची गोष्ट सांगत राहिली. १९८१ मध्ये बोगोटाला जमलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी हा दिवस स्त्रियांवरच्या हिंसेच्या विरोधात पाळायचं ठरवलं. संयुक्त राष्ट्रांनी तो मान्य केला तो १९९९ मध्ये. मधली अठरा वर्षं बायकांनी तो आपल्या बळावर पाळला, हे मी मुद्दाम सांगते. आमच्या मुलींना निवेदनाचं उत्तर सहा महिन्यांत आलं नाही की उदास वाटतं, म्हणून.

पहिली काही वर्षं आमच्या कागदावर तीनच नावं होती. मग आमच्या सगळ्यांत मोठ्या ताईंच्या वाचनात आलं की त्या गाडीत चौथा माणूस होता. ड्रायव्हर. रुफिनो दे ला क्रूस. तोही त्यांच्यासोबतच मारला गेला. ताई बैठकीत म्हणाल्या, “त्याचंही नाव घ्यायला हवं.” यावर बरीच वादावादी झाली. बायकांवरच्या हिंसेचा दिवस आहे, इथे तरी पुरुषाचं नाव कशाला, असं काही जणींना मनापासून वाटत होतं, आणि त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आयुष्यभर सगळ्या व्यासपीठांवर पुरुषांचीच नावं ऐकलेल्या त्या बायका. दोन वर्षं हा विषय लोंबकळत राहिला. मी पहिल्यापासून ताईंच्या बाजूची. शेवटी ताईंनी एवढंच विचारलं, की आपल्या मुलींना रात्री गाडीतून कोण नेतं? त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि चौथं नाव कागदावर आलं.

नावांनंतर असतं ते मनोगत, आणि माझ्यासाठी मेळावा म्हणजे ते मनोगत. दरवर्षी हिंसा सोसलेली एक जण बोलते, कधी दोघी. नाव सांगायची सक्ती नाही, फोटो काढायचा नाही, आणि नको वाटलं तर माईकपाशी येऊनही परत जाता येतं. असं दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा सभागृह उठून उभं राहिलंय. आमचा आणखी एक अलिखित नियम आहे: मारणाऱ्याने काय काय केलं हे सांगावं लागत नाही. ते पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, वकिलांपुढे इतक्यांदा सांगून झालेलं असतं की ते शब्द तिचे राहिलेलेच नसतात. इथे तिने स्वतः काय केलं ते सांगायचं.

एका वर्षी बोललेली बाई मी विसरू शकत नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, उलगडत ती बोलत होती. म्हणाली, “खोली घेतली. एकच खोली. पहिल्या रात्री दाराला आतून कडी लावली. मग उठून पुन्हा काढली, पुन्हा लावली. मला बघायचं होतं, माझ्या हाताने लागते का.” एवढंच. मग ती जागेवर जाऊन बसली. माझ्या शेजारी आमची एक वकील बसली होती, अठरा-वीस वर्षं कोर्ट बघितलेली. ती चश्मा काढून पुसत राहिली.

बाहेरचे लोक आम्हाला नेहमी विचारतात, ती इतकी वर्षं राहिलीच कशाला, निघून का गेली नाही? निघण्याची वेळच सगळ्यात धोक्याची असते, हे या कामात पहिल्या महिन्यात शिकावं लागतं. ताबा सुटतोय असं दिसलं की मारणारा जास्त पेटतो. म्हणून कागदपत्रं कुठे ठेवायची, थोडे पैसे नि औषधं कोणाकडे द्यायची, शेजारणीला कुठला साधा शब्द म्हटला की तिने ओळखायचं, हे सगळं आधी ठरतं. कित्येकदा ती निघते, परत जाते, पुन्हा निघते. परत गेलेल्या बाईवर आमच्या इथे कोणी रागवत नाही. मेळाव्याचं आमंत्रण तिलाही असतं, फक्त तिच्या घरी पत्र जात नाही.

आणखी एका वर्षी एक वडील बोलले. पुरुषाने मनोगत द्यायची ती पहिली वेळ. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कागद, पण कागदाकडे बघेचनात. मुलगी तीनदा घरी आली होती आणि तिन्ही वेळा त्यांनी स्वतः तिला परत नेऊन सोडलं होतं. “मी समजूत काढायचो,” ते म्हणाले, “तिची.” मग बराच वेळ गप्प. चौथ्या वेळी ती वडिलांकडे आलीच नाही, आमच्याकडे आली. ती सुखरूप आहे आणि त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसली होती. वडिलांनी तिची माफी मागितली नाही. ते म्हणाले, माफी ती घरी, तिला हवी तेव्हा मागीन, इथे मी इतर बापांना सांगायला आलोय. त्या वर्षी समोर बाप फार नव्हते, हे मला अजून बोचतं.

हजेरीबद्दल बोलायचं तर मनातलं बोलते. पुरुष येत नाहीत. १९८९ च्या ६ डिसेंबरला मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका माणसाने चौदा जणींना मारलं, त्या बायका आहेत म्हणून मारलं, आणि त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या पुरुषांनीच पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली, बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनी छातीवर लावायची फीत. आम्हीही फिती कापतो, प्रत्येकीत टाचणी खोचून ठेवतो. दरवर्षी अर्ध्याहून जास्त उरतात. त्या मी खोक्यात भरून ठेवते आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढते. बायकोला दाराशी सोडून बाहेर गाडीत मोबाईल बघत दोन तास बसून राहणारे गृहस्थ मला माहीत आहेत. आत या म्हटलं की “तुमचं चालू द्या” म्हणतात. दुसरी खंत पाहुण्यांचं भाषण संपताच उठणाऱ्यांची. सत्कार झाला, फोटो झाला की पुढच्या दोन रांगा रिकाम्या होतात, आणि माईकपाशी येणाऱ्या त्या बाईला समोर आधी रिकाम्या खुर्च्याच दिसतात. म्हणून मी हट्टाने क्रम बदलून घेतला. आता मनोगत आधी, पाहुणे नंतर. दोन पाहुण्यांना ते रुचलं नाही. माझा इलाज नव्हता.

तरुण मुलींशीही माझं एकदा वाजलं. जगभरात साधारण तीनपैकी एका बाईने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ते डोळ्यांना दिसावं म्हणून रांगेतल्या दर तिसऱ्या बाईला उभं करायचं त्यांनी ठरवलं होतं. मी तालमीतच थांबवलं. आपल्या सभागृहात तिसरी कोण, हे खरंच कोणाला तरी ठाऊक असतं. उभी राहणारी थरथरली तर? मुली आधी रुसल्या, मग त्यांनीच तोड काढली: दर तिसऱ्या खुर्चीच्या पाठीवर रुमाल बांधला आणि त्यावर कोणालाच बसवलं नाही. भरलेल्या सभागृहात त्या खुर्च्या बघताना माझाच घसा दाटून आला. मुली माझ्यापेक्षा पुढे गेल्यात, याचा मला फार अभिमान वाटतो.

२०२० चा मेळावा फोनवर झाला. त्या काळात मारणारा आणि मार खाणारी एकाच घरात कोंडलेली, त्यामुळे बोलायचं कुठून? सगळ्यांनी कॅमेरे बंद ठेवले होते, खरी नावं काढून टाकली होती. पडद्यावर नुसते काळे चौकोन. नावं वाचून झाल्यावर एका चौकोनातून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजाआड कोणीतरी हळूच म्हणालं, “मी ऐकतेय.” लगेच चौकोन गेला. ती कोण, हे आम्ही शोधलं नाही. त्या चौकोनासाठी त्या वर्षीचा मेळावा घेतला, असंच मी मानते.

आता आभार. आमच्याकडे आभारात नावं घेत नाहीत. मदत घ्यायला आलेल्या कितीतरी जणी पुढे मदत करणाऱ्या झाल्या, कोण कुठल्या दाराने आली हे कोणाला कळू नये म्हणून सगळेच बिननावाचे. त्यामुळे कोणी राहून तर जाणार नाही ना, ही धास्ती मला दरवर्षी असते. तेव्हा नीट आठवून लिहिते. खुर्च्या मांडणाऱ्या आणि शेवटी उचलणाऱ्या मुलांचे आभार. माईकचा दादा, जो बोलणारीच्या उंचीप्रमाणे स्टँड गुपचूप खाली-वर करतो. मुलांना मागच्या खोलीत खेळवणाऱ्या दोघी, ज्यांनी एकही मनोगत आजवर ऐकलेलं नाही. जमाखर्चाच्या वहिनी. फी न घेणाऱ्या तिन्ही वकील, आणि चौथी, जी आता दुसरीकडे राहायला गेली. आपलं नाव कुठे येऊ नये म्हणणाऱ्या डॉक्टर. खाणाखुणांच्या भाषेत सगळा कार्यक्रम उभ्याने सांगणारी मुलगी. दारात बसून अनोळखी माणसाची नम्रपणे चौकशी करणारे निवृत्त हवालदार. रात्रीची हेल्पलाइन सांभाळत असल्यामुळे मेळाव्याला येऊच न शकणाऱ्या सगळ्या जणी. फिती कापणाऱ्या आजी. आणि आमच्या मोठ्या ताई, ज्या आता नाहीत.

आणि काका. आमचे गाडीवाले काका. रात्रीचा फोन आला की ते फक्त विचारतात, “सामान किती?” कोण, कुठली, का, हे नाही. दार उघडल्यावर उजेड पडून कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी गाडीतला आतला बल्बच काढून टाकलाय. आणि मागे बाई बसली की आरसा वर, छताकडे वळवून ठेवतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “ताई, तिला बघणारं कोणी नको असतं त्या वेळी.”

काका कित्येक वर्षं मेळाव्याला यायचे आणि बाहेरच थांबायचे. त्यांच्यावर मात्र मी कधी रागावले नाही, कारण ते गाडीपाशी उभे राहिल्यामुळे आत बसलेल्या काही जणींना धीर असायचा. ताई गेल्या त्या वर्षी मी त्यांना कागद नेऊन दाखवला आणि म्हटलं, चौथं नाव तुम्ही वाचा. ते नको म्हणाले. वाचायची सवय नाही, आवाज बरा नाही. मग कागद हातात धरून त्यांनी रुफिनो कोण ते विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चपला दाराशी काढून आत आले.

पहिली तीन नावं आमच्या मुलींनी वाचली. काकांनी कागद लांब धरला, एकेक अक्षर लावत म्हणाले, “रुफिनो दे ला क्रूस.” थांबले. मग कागदावर नसलेला एक शब्द त्यांनी जोडला, “ड्रायव्हर.” घडी घालून कागद माझ्या हातात दिला आणि ते बाहेर गेले. दोघींना अंधार पडायच्या आत पोहोचवायचं होतं.