तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या गोष्टींतले प्राणी असे विक्षिप्त का?

मुलांसाठी गोष्टी लिहिते म्हटलं की पालक आणि शिक्षक दोन प्रश्न हमखास विचारतात. तुमचे बोलणारे प्राणी एवढे तऱ्हेवाईक का? आणि गोष्टीत दरवेळी बहीण-भाऊच कशाला?

बहीण-भावाचं उत्तर आधी देते. एकट्या मुलाशी प्राणी बोलला तर गोष्टीतली आई म्हणणार, "स्वप्न पडलं असेल." तिथेच गोष्ट संपली. दोघांनी ऐकलं की साक्षीदार मिळतो. शिवाय दोघांनी एकच ऐकलेलं नसतं. ईराला वाटतं शेकरू रागावलंय, नचू म्हणतो घाबरलंय. भांडण जुंपलं की मोठ्यांना मध्ये आणायची गरजच उरत नाही.

आता प्राणी. लबाड कोल्हा, राजा सिंह, मूर्ख गाढव ही मंडळी पंचतंत्रापासून आपल्याकडे आहेत. तिथे राजपुत्रांना शहाणं करायचं होतं, त्या कामाला ठरीव स्वभाव चालून गेले. आज मी तेच स्वभाव उचलले तर प्राणी नाहीसा होतो, नुसतं नाव उरतं. सह्याद्रीत तर सिंह नाहीच. देशात तो गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास. तरी आपल्या गोष्टींतल्या रानात दरबार त्याचाच भरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या रानात काय कमी आहे?

म्हणून मी आधी प्राण्याची खरी सवय शोधते आणि तिलाच बोलायला लावते. शेकरू आपला राज्यप्राणी, भीमाशंकरच्या झाडांवर शेपटीसकट जवळजवळ तीन फुटांचं. ते एकाच परिसरात अनेक घरटी बांधतं. माझ्या गोष्टीतलं शेकरू संध्याकाळ झाली की ईरा-नचूला विचारतं, "आज मी कुठे राहतो?"

सगळ्यात लाडका माझा सुगरण पक्षी. खोपा विणतो तो नर. गवताच्या लांब पट्ट्या काढून, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकून, अर्धा खोपा विणून थांबतो. मग मादी येऊन आत-बाहेर बघून जाते. पसंत पडला तर लांब नळीसारखं दार करून तो पुरा करतो. नाही पडला, तर बऱ्याचदा तो तसाच सोडून दुसरा सुरू करतो. अशा गृहस्थाला विक्षिप्तपणा मी वेगळा काय देणार! तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणतो, "बघून तर जा!" नचू भिडस्त, छान छान म्हणतो. ईरा सरळ सांगते, "डावीकडे कललाय." पुढची चार पानं तो फक्त तिच्याशीच बोलतो.

टिटवीला मात्र मी लोकांच्या तोंडचं दिलंय. गावाकडे सांगतात, आभाळ कोसळलं तर पेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते. खरी टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते आणि कुणी जवळ फिरकलं की रान डोक्यावर घेते. अंडी अशी उघड्यावर असल्यावर आभाळाची काळजी वाटणारच. ती माझ्या गोष्टीत कुणालाच झोपू देत नाही.

अशानं मुलांची फसगत होईल, अशी शंका काही पालक काढतात. प्राणी बोलत नाहीत हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. गोष्ट संपल्यावर ती मला वेगळंच विचारतात: "खरंच बाबा विणतो का घरटं?" हा प्रश्न ऐकला की मला लिहिल्याचं समाधान मिळतं.

सध्या खवल्या मांजरावर अडले आहे. त्याला दात नसतात, मुंग्या आणि वाळवी लांब जिभेनं टिपतं, आणि भीती वाटली की अंगाचं वेटोळं करून गप्प बसतं. बोलेल ते फार थोडं, एवढं मला कळलंय. पहिलं वाक्य ईराला सांगेल की नचूला, ते अजून ठरायचं आहे.